भूतकाळ एकदाच! इंग्रजी प्रश्नांतलं 'डिड', 'वॉज' आणि 'वेअर'

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



मागच्या वेळी आपण साध्या भूतकाळातली विधानं पाहिली. 'आय वेंट', 'शी सॉ', 'दे केम' वगैरे. आज त्याच भूतकाळात प्रश्न कसा विचारायचा ते बघू. विषय छोटा आहे, नियम तर दोन वाक्यांत सांगून होईल. तरीही वर्षानुवर्षं इंग्रजी शिकलेली माणसं इथेच अडखळतात, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं झाली. या दहा वर्षांत मूल काय करतं? उत्तरं लिहितं. प्रश्न कोण विचारतं? पुस्तक विचारतं, शिक्षक विचारतात, प्रश्नपत्रिका विचारते. मुलाने आपणहून इंग्रजीत प्रश्न विचारायची वेळ क्वचितच येते. मग तेच मूल मोठं होतं, नोकरीला लागतं, आणि एकदम विचारावं लागतं: माझा अर्ज पाहिलात का? पैसे पाठवलेत का? रिपोर्टमध्ये काय निघालं? हे सगळे भूतकाळातले प्रश्न आहेत, आणि हे सगळे आपल्या हक्काचे प्रश्न आहेत. ज्याला प्रश्न विचारता येत नाही, त्याला नुसती उत्तरंच देत बसावं लागतं. म्हणून आजचा तास फक्त प्रश्नांसाठी.

चूक नेमकी कुठे होते?

'तू काल तिथे गेलास का?' हे इंग्रजीत विचारायचं आहे. वर्गात साधारण चार प्रकारची वाक्यं ऐकू येतात.

एक: 'यू वेंट देअर यस्टरडे?'
दोन: 'डिड यू वेंट देअर यस्टरडे?'
तीन: 'वॉज यू गो देअर यस्टरडे?'
चार: 'डिड यू गो देअर यस्टरडे?'

चौथं बरोबर. पण मला रस आहे तो दुसऱ्या वाक्यात, कारण मराठी माणसाची सगळ्यात जास्त होणारी चूक ती आहे. 'डिड यू वेंट'. ही अडाणीपणाची चूक नाही बरं का. ही अर्धं शिकलेल्याची चूक आहे. 'डिड' लागतं हे त्याला कळलंय, पण 'वेंट' सोडायला मन तयार नाही.

का तयार नाही? आपली मराठी बघा. 'तू गेलास.' हे विधान. 'तू गेलास का?' हा प्रश्न. काय बदललं? शेवटी एक 'का' आला. क्रियापदाला आपण हातही लावला नाही. बरं, त्या क्रियापदात किती माल भरलाय पाहा. 'गेलास' म्हटलं की भूतकाळ कळला, समोरचा 'तू' आहे हे कळलं, आणि तो पुरुष आहे हेही कळलं. 'आंबा खाल्लास का', 'पोळी खाल्लीस का' म्हटलं तर खाल्लेल्या वस्तूचं लिंगसुद्धा क्रियापदातच उमटतं. म्हणजे मराठीत वाक्याची सगळी गाठोडी क्रियापदाच्या शेपटाला बांधलेली असतात. अशा भाषेत वाढलेल्या माणसाला 'प्रश्न विचारताना क्रियापदातून भूतकाळ काढून घे' असं सांगितलं की ते पटत नाही. त्याला वाटतं, भूतकाळ काढला तर काल गेला की उद्या जाणार, हे कळणार कसं?

कळतं ते 'डिड'मधून. आता आजचा मुख्य नियम सांगतो, तो लिहून घ्या: इंग्रजीच्या एका साध्या वाक्यात भूतकाळ एकाच शब्दावर बसतो. विधानात तो मुख्य क्रियापदावर असतो, 'यू वेंट'. प्रश्नात सहायक क्रियापद पुढे येतं आणि भूतकाळ स्वतःकडे घेतं, 'डिड'. एकदा 'डिड'ने भूतकाळ उचलला की मुख्य क्रियापद मोकळं झालं, ते आपल्या पहिल्या रूपात परत जातं, 'गो'. टोपी एकच आहे. ती 'डिड'च्या डोक्यावर गेली की 'गो'चं डोकं उघडं राहणार.

हे तुम्हाला आधीच येतं

तुम्ही म्हणाल, हे आमच्या भाषेत नाही, म्हणून अवघड जातं. मी म्हणतो, आहे. आणि तुम्ही रोज वापरता.

ऑफिसमधलं आपलं बोलणं आठवा. 'फाइल सेंड केलीस का?' 'तिकीट बुक केलंस का?' 'तो मेसेज डिलीट केलास का?' 'फॉर्म सबमिट केलास का?' आता मला सांगा, 'फाइल सेंट केलीस का' असं कोणी म्हणतं का? 'तिकीट बुक्ड केलंस का'? नाही म्हणत. इंग्रजी शब्द आपण पहिल्याच रूपात घेतो, 'सेंड', 'बुक', 'डिलीट', आणि भूतकाळ कुठे ठेवतो? 'केलं'वर ठेवतो. 'केलीस'वर ठेवतो.

हेच तर 'डिड' आहे! 'डिड' म्हणजे 'डू'चा भूतकाळ, म्हणजे 'केलं'. 'सेंड केलीस का' याचं इंग्रजी 'डिड यू सेंड'. 'बुक केलंस का' याचं 'डिड यू बुक'. शब्दाला शब्द बसतो. फक्त आपलं 'केलंस' वाक्याच्या शेवटी येतं आणि त्यांचं 'डिड' सुरुवातीला.

तेव्हा युक्ती अशी. प्रश्न विचारायच्या आधी मनात ते 'केलंस का' लावून बघा, वाक्य विचित्र झालं तरी चालेल. 'गो केलंस का?' हसू येतं, येऊ दे. 'वेंट केलंस का?' हे मात्र कानाला अजिबात सहन होत नाही. मग 'डिड यू वेंट' का सहन करायचं? 'ईट केलंस का' म्हणजे 'डिड यू ईट'. 'सी केलंस का' म्हणजे 'डिड यू सी'. ही युक्ती दोन दिवस वापरलीत तर तिसऱ्या दिवशी तिची गरज उरणार नाही.

यातून एक आनंदाची बातमी निघते. 'गो, वेंट, गॉन', 'सी, सॉ, सीन', 'टेक, टुक, टेकन' ही तीन रूपांची यादी शाळेत पाठ करताना सगळ्यांचा जीव जातो. पण 'डिड'च्या प्रश्नाला त्यातला फक्त पहिला रकाना लागतो. 'टीच'चं दुसरं रूप काय हे आठवत नाही? प्रश्नात ते लागतच नाही. 'डिड शी टीच यू?' झालं काम. म्हणजे भूतकाळातला प्रश्न हा विधानापेक्षा सोपा आहे. शिवाय 'डिड' कोणासाठी बदलतही नाही. 'डिड आय', 'डिड यू', 'डिड शी', 'डिड दे', सगळ्यांना एकच.

हे 'डिड' आलं कुठून?

थोडा इतिहास सांगतो, कारण तो कळला की पुढचा गोंधळ सुटतो.

जुन्या इंग्रजीत प्रश्नासाठी 'डिड' लागत नसे. मुख्य क्रियापदच उठून कर्त्याच्या आधी जाऊन बसायचं. 'वेंट यू?' 'सॉ यू?' असा तो ढाचा. जर्मन भाषा इंग्रजीची जवळची नातेवाईक, तिच्यात आजही तसंच चालतं, क्रियापद थेट पुढे येतं. इंग्रजीत मात्र साधारण पंधराव्या ते सतराव्या शतकात 'डू' आणि 'डिड' प्रश्नांमध्ये पसरत गेले. शेक्सपियरचा काळ १५६४ ते १६१६. त्याच्या नाटकांत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी दिसतात. पुढे अठराव्या शतकापर्यंत 'डिड'ची पद्धत रुळली आणि जुनी मागे पडली. अल्वार एलेगार्ड नावाच्या स्वीडिश अभ्यासकाने जुन्या लेखनातली उदाहरणं मोजून या बदलावर १९५३ साली एक ग्रंथ लिहिला. या विषयात त्याचा दाखला आजही देतात.

'डिड' आल्याने फायदा काय झाला? कर्ता आणि मुख्य क्रियापद यांची जागा शाबूत राहिली. 'यू गो' हा क्रम विधानातही तोच, प्रश्नातही तोच. पुढे जाऊन प्रश्नाची पाटी लावायचं काम 'डिड' करतं.

पण काही क्रियापदं या बदलातून सुटली. 'वॉज' आणि 'वेअर' ही त्यातली मुख्य. ती अजूनही जुन्याच रिवाजाने चालतात, स्वतःच उठून पुढे येतात. 'यू वेअर बिझी' याचा प्रश्न 'वेअर यू बिझी?' तिथे 'डिड' येत नाही. 'डिड यू वॉज बिझी' हे म्हणूनच चूक. 'कुड', 'वुड', 'शुड' हीसुद्धा तशीच. म्हणजे इंग्रजीत आज प्रश्नाच्या दोन पद्धती आहेत, एक नवी आणि एक जुनी. त्या कोणी मुद्दाम त्रास द्यायला केलेल्या नाहीत.

लिहिताना एक काळजी घ्या. 'वेअर' म्हणजे 'होतास, होता, होते' यातलं क्रियापद, आणि 'व्हेअर' म्हणजे 'कुठे'. दोन्हींचं स्पेलिंग वेगळं, इंग्रजीत उच्चारही वेगळा. 'व्हेअर वेअर यू?' म्हणजे 'तू कुठे होतास?' यात दोन्ही आले.

आणि हो, समोर एकच माणूस असला तरी 'वॉज यू' का नाही, 'वेअर यू' का? पूर्वी इंग्रजीत 'तू'साठी 'दाऊ' असा वेगळा शब्द होता. 'यू' हा अनेकवचनी आणि आदरार्थी, म्हणजे आपला 'तुम्ही'. आपण एकट्या माणसालाही 'तुम्ही कुठे होता?' असं अनेकवचनातच विचारतो ना? 'यू'चं तसंच आहे. तो सदा 'तुम्ही'च्या थाटात असतो, म्हणून त्याला कायम 'वेअर'.

'डिड' की 'वॉज-वेअर'?

आता खरा निवडीचा प्रश्न. कधी 'डिड' आणि कधी 'वॉज' किंवा 'वेअर'? मराठी वाक्य समोर ठेवा आणि त्यात 'होता, होती, होते' शोधा.

'तू आजारी होतास का?' यात 'होतास' आहे, कृती काहीच नाही. 'वेअर यू इल?'
'ती घरी होती का?' 'वॉज शी ॲट होम?'
'ते झोपत होते का?' इथे कृती आहे, पण ती चालू आहे, आणि 'होते' आहे. 'वेअर दे स्लीपिंग?' क्रियापदाला 'इंग' लागलं.
'ते झोपले का?' 'होते' नाही, कृती झाली. 'डिड दे स्लीप?'

एक सावधगिरी. 'तू गेला होतास का?' यातही 'होतास' आहे, पण आपण ते बऱ्याचदा साध्या भूतकाळासाठीच वापरतो. 'काल बाजारात गेला होतास का?' याचं इंग्रजी 'डिड यू गो टू द मार्केट यस्टरडे?' 'वेअर यू वेंट' ही चूक नेमकी इथून जन्मते, 'होतास'चं 'वेअर' आणि 'गेला'चं 'वेंट'. तेव्हा 'होता'च्या आधी काय आहे ते बघायचं. नाम, विशेषण, ठिकाण किंवा 'जात, खात, झोपत' असं चालू रूप असेल तर 'वॉज-वेअर'. 'गेला, खाल्ला, पाहिला' असं पूर्ण झालेलं रूप असेल तर 'डिड'.

'वेअर'नंतर तिसरं रूप येऊ शकतं, पण मग अर्थच उलटतो. 'डिड यू पे?' म्हणजे 'तुम्ही पैसे दिलेत का?' 'वेअर यू पेड?' म्हणजे 'तुम्हाला पैसे मिळाले का?' कामाचे पैसे अडकलेल्या माणसाला हा फरक किती महागात पडेल, विचार करा. 'डिड यू इन्व्हाइट?' म्हणजे 'तू बोलावलंस का?' आणि 'वेअर यू इन्व्हायटेड?' म्हणजे 'तुला बोलावलं होतं का?' कर्ता कृती करणारा असेल तर 'डिड' आणि पहिलं रूप. कृती कर्त्यावर झाली असेल तर 'वॉज-वेअर' आणि तिसरं रूप.

आपल्या 'सेंड केलं'च्या युक्तीला इथे मर्यादा आहे, तेही सांगून ठेवतो. 'तू सिलेक्ट झालास का?' यात आपण 'सिलेक्ट' पहिल्या रूपातच घेतो, पण इंग्रजीत 'वेअर यू सिलेक्ट' म्हणून चालत नाही. तुला दुसऱ्या कोणी तरी निवडलं, म्हणून 'वेअर यू सिलेक्टेड?' तेव्हा ती युक्ती 'केलं'साठी वापरा. 'झालं' आलं की थांबून विचारा, कृती कोणी केली?

कोणी आणि कोणाला

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. ही दोन वाक्यं ऐका.

'हू कॉल्ड यू?'
'हू डिड यू कॉल?'

पहिल्याचा अर्थ, 'तुला कोणी फोन केला?' दुसऱ्याचा अर्थ, 'तू कोणाला फोन केलास?' फोन करणारा आणि घेणारा यांची अदलाबदल झाली. पोलिसांच्या चौकशीत, बँकेच्या तक्रारीत, विम्याच्या दाव्यात हा फरक म्हणजे सगळं प्रकरणच फिरलं.

मराठीत आपल्याला ही भीती नाही, कारण आपल्याकडे विभक्ती आहे. 'कोणी' आणि 'कोणाला'. शब्द कुठेही ठेवा, अर्थ हलत नाही. 'तुला कोणी फोन केला', 'कोणी केला तुला फोन', एकच. रोजच्या इंग्रजीत 'हू'ला असा प्रत्यय उरलेला नाही. मग कर्ता कोण हे कशावरून ओळखायचं? जागेवरून. आणि ती जागा राखायला 'डिड' मदत करतं.

म्हणून नियम असा: प्रश्नशब्द हाच कर्ता असेल, म्हणजे मराठीत 'कोण, कोणी, कशाने, काय घडलं' असं असेल, तर 'डिड' लागत नाही आणि क्रियापद दुसऱ्या रूपातच राहतं. 'हू केम?', कोण आलं? 'व्हॉट हॅपन्ड?', काय झालं? 'हू टोल्ड यू?', तुला कोणी सांगितलं? कर्ता दुसरा कोणी असेल आणि प्रश्नशब्द 'कोणाला, काय, कुठे, कधी, का' असेल, तर 'डिड' लागतं. 'व्हॉट डिड ही से?', तो काय म्हणाला? 'व्हेन डिड दे कम?', ते कधी आले? 'व्हाय डिड शी लीव्ह?', ती का गेली?

'व्हॉट डिड हॅपन?' असं बरेच जण म्हणतात. सवयीने 'डिड' घुसतं. तिथे 'काय' हाच कर्ता आहे, म्हणून 'व्हॉट हॅपन्ड?' एवढंच. आणि इथेही आपला मूळ नियम टिकलाच आहे बघा. 'डिड' नाही, म्हणून भूतकाळ 'हॅपन्ड'वर बसला. भूतकाळ एकदाच.

'डिडन्ट'ने विचारलं तर

नकारार्थी प्रश्नाचं सूत्र तेच. 'डिडन्ट यू गो?', 'तू गेला नाहीस का?' 'डिडन्ट' नंतरही पहिलंच रूप.

अडचण विचारण्यात नाही, उत्तरात आहे. मराठीत कोणी विचारलं 'तू गेला नाहीस का?' आणि आपण गेलो नसू, तर आपण सहज म्हणतो, 'हो, नाही गेलो.' ते 'हो' म्हणजे 'तुमचं म्हणणं बरोबर आहे.' इंग्रजीत असं चालत नाही. इंग्रजीत 'येस' म्हणजे 'गेलो' आणि 'नो' म्हणजे 'नाही गेलो', प्रश्न कसाही विचारा. 'डिडन्ट यू साइन धिस?', 'तुम्ही यावर सही केली नाही का?' सही केली नसेल तर उत्तर 'नो, आय डिडन्ट.' आपल्या सवयीने नुसतं 'येस' म्हणालात, तर समोरचा लिहून घेईल की सही केली. म्हणून अशा प्रश्नाला कधीही नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका. 'येस, आय डिड' किंवा 'नो, आय डिडन्ट' असं पूर्ण बोला. शंकेला जागा उरत नाही.

ऐकतानाची अडचण

शेवटची गोष्ट कानाची. आपण 'डिड' आणि 'यू' सुटे सुटे उच्चारतो. इंग्रजी घरात बोलणारी माणसं भरभर बोलताना 'डिड यू'चं 'डिजू' करतात. 'डिजू ईट?' 'व्हेअर डिजू गो?' प्रश्न हरवला असं वाटतं, पण तो तिथेच असतो. तुम्ही तसं बोललंच पाहिजे असं नाही, स्पष्ट 'डिड यू' कुठेही चालतं. ओळखता मात्र आलं पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेतो.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न: सर, सिनेमात तर 'यू वेंट देअर?' असं ऐकू येतं. मग ते चूक कसं?

उत्तर: चांगलं पकडलंत. ते चूक नाही, पण त्याचा भाव वेगळा आहे. 'यू वेंट देअर?' म्हणजे 'गेलास तू तिथे? खरंच?' ऐकून धक्का बसला, किंवा खात्री करून घ्यायची आहे. माहिती नसताना साधी विचारपूस करायची तर 'डिड यू गो?' एखाद्या अनोळखी माणसाला प्रत्येक प्रश्न 'यू वेंट?' 'यू सॉ?' असा विचारलात तर त्याला उलटतपासणी चालल्यासारखी वाटेल.

प्रश्न: मग विधानात 'आय डिड गो' असंही ऐकलंय. त्यात तर 'डिड' आहे आणि प्रश्न नाही.

उत्तर: ते जोर देण्यासाठी. समोरचा म्हणतो, तू गेलाच नाहीस. तुम्ही म्हणता, 'गेलो होतो की!' तो जो 'की' आहे ना, तोच हा 'डिड'. पण पाहा, तिथेही 'आय डिड गो', 'वेंट' नाही. उगाचच प्रत्येक वाक्यात मात्र 'आय डिड गो, आय डिड ईट' करू नका, भांडण चाललंय असं वाटेल.

प्रश्न: 'हॅव यू ईटन' आणि 'डिड यू ईट' यात बरोबर कोणतं?

उत्तर: दोन्ही बरोबर, काम वेगळं. 'हॅव यू ईटन?' यात नजर आत्तावर आहे, तुझं जेवण झालंय का, की पान वाढू? 'डिड यू ईट?' यात नजर त्या वेळेवर आहे. आणि 'काल, सकाळी, गेल्या वर्षी' अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'डिड'च घ्यायचं. 'हॅव यू सीन हिम यस्टरडे' चुकीचं, 'डिड यू सी हिम यस्टरडे' बरोबर. अमेरिकन बोलण्यात 'जेवलास का' यासाठीही 'डिड यू ईट?' सर्रास म्हणतात.

प्रश्न: 'डिड यू हॅड एनी प्रॉब्लेम' बरोबर आहे का? आणि 'डिड यू डू' मध्ये 'डू' दोनदा कसं?

उत्तर: 'हॅड' मध्ये भूतकाळ आहे. तो आधीच 'डिड'वर बसलाय. म्हणून 'डिड यू हॅव एनी प्रॉब्लेम?' आणि 'डिड यू डू युवर होमवर्क?' यात पहिलं 'डिड' सहायक, दुसरं 'डू' म्हणजे खरंच करणं. गृहपाठ 'डू' केलास का, असं समजा.

प्रश्न: 'टेल मी व्हेअर डिड यू गो' असं मी नेहमी म्हणते. आमच्या साहेबांनी ते सुधारलं. का?

उत्तर: कारण तिथे प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला. मुख्य वाक्य आहे 'मला सांग'. पोटातला प्रश्न विधानासारखा लिहायचा, 'टेल मी व्हेअर यू वेंट.' 'डिड' निघून गेलं, म्हणून भूतकाळ परत 'वेंट'वर आला. तसंच 'आय डोंट नो व्हाय शी लेफ्ट', 'ती का गेली मला माहीत नाही.'

प्रश्न: पण सर, 'डिड यू वेंट' म्हटलं तरी लोकांना कळतंच की. मग एवढा काथ्याकूट कशाला?

उत्तर: कळतं, खरं आहे. आणि कोणी 'डिड यू वेंट' म्हणालं तर त्याला हसू नये, हेही मी सांगतो. प्रश्न चुकीचा विचारला तरी विचारणं थांबवू नका. न विचारलेल्या शुद्ध प्रश्नापेक्षा विचारलेला अशुद्ध प्रश्न बरा. पण 'हू कॉल्ड यू' आणि 'हू डिड यू कॉल' यात, 'डिड यू पे' आणि 'वेअर यू पेड' यात समोरच्याला कळतं ते तुमच्या मनातलं नसतं, तुम्ही बोललात ते असतं. तिथे सवय कामाला येते. आणि सवय सोप्या वाक्यांवरच लागते.

आता घरचा अभ्यास. तुमच्या फोनमधले आजचे मराठी मेसेज उघडा. त्यातले 'का?' ने संपणारे, घडून गेलेल्या गोष्टींचे दहा प्रश्न निवडा: 'पोचलास का', 'औषध घेतलंस का', 'आई घरी होती का', 'कोणी सांगितलं'. प्रत्येकाचं इंग्रजी करा आणि त्यात भूतकाळ दाखवणाऱ्या शब्दाखाली रेघ ओढा. एका प्रश्नात एकच रेघ आली पाहिजे. दोन आल्या तर एक भूतकाळ जास्त झाला. एकही आली नाही तर तो विसरला. पुढच्या वेळी 'विल' आणि 'वुड' घेऊ.